तान्ह्या बाळाची झोप

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही. जुनी मॅट्रिक झालो आणि सारी हयात प्राथमिक शाळेत बाराखडी शिकवण्यात गेली. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, बाळाच्या झोपेवर तुम्ही काय बोलणार? ते आम्हा बायकांना विचारा." खरे आहे. तान्ही मुले तुम्ही वाढवली. मी तर आयती सहा वर्षांची झालेली मुले वर्गात घेतली. तरीही आज याच विषयावर मला बोलायचे आहे. का बोलायचे आहे, ते आधी सांगतो.

गोष्ट १९८८ सालच्या जानेवारीतली आहे. कडाक्याची थंडी पडली होती. आमचे घर तेव्हा एकत्र होते. माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली होती. साडेतीन महिन्यांची, गुटगुटीत, बोळके पसरून हसणारी पोर. पुतणीवर माझा फार जीव. नुकताच पगार झाला होता. मी तालुक्याला गेलो आणि पिंजाऱ्याकडून तिच्यासाठी सावरीच्या कापसाची गादी आणि उशी करून आणली. इतकी मऊ, की हात ठेवला तर हात बुडावा.

त्या रात्री पोर कुरकुरत होती. घरातले कोणीतरी म्हणाले, "पोटात वारा धरला असेल. पालथी निजवा, सरेल वारा." भावजयीने तिला त्या गादीवर पालथी निजवले. वर गोधडी घातली. पोर शांत झाली. दिवसभर राबलेली भावजयही शेजारी झोपली. पहाटे तिला जाग आली, तेव्हा पोर थंडगार पडली होती.

पोर रडली नाही. धडपडली नाही. हातभर अंतरावर निजलेल्या आईलासुद्धा आवाज आला नाही.

मग गाव जमले. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, सटवाईने नेली. आणि मी, चार बुके शिकलेला मास्तर, मी काय म्हणालो? मी भावाला म्हणालो, "आई असून एवढी झोप लागलीच कशी हिला?" भावजय दाराआड होती. तिने ते ऐकले.

त्यानंतर ३१ वर्षे गेली. २०१९ साली मला नातू झाला. मी पुन्हा हौसेने बाजारातून मऊ गादी आणि उशी आणली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ती पाहिली आणि बाजूला काढून ठेवली. म्हणाल्या, "आजोबा, ही घरी न्या. बाळाला उशी लागत नाही. कडक अंथरूण घाला आणि बाळाला उताणं निजवा. पालथं नाही, कुशीवर नाही. मऊ गादीत नाक रुतलं की बाळ गुदमरतं. आणि गुदमरताना ते रडत नाही."

मी तिथल्या बाकावर मटकन बसलो. माझ्या डोळ्यांपुढे ती सावरीची गादी आली.

पुतणी त्या गादीमुळेच गेली, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा कोणी तपासले नाही. पण आईच्या झोपेमुळे ती गेली नाही, एवढे मात्र मला कळले. घरी आलो आणि भावजयीपुढे हात जोडले. आमच्याकडे थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी फारसे बोलायची रीत नव्हती. पण त्या दिवशी बोललो. म्हणालो, "मी चुकलो. गादी मी आणली होती आणि दोष तुला दिला."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, आता हे मला सांगून काय उपयोग? ज्यांच्या घरी पाळणा हलतोय, त्यांना सांगा."

म्हणून आज सांगतो आहे. तिला विचारून सांगतो आहे.

बाळ गुदमरते कसे?

आधी हे समजून घेऊ. थंडीत आपण डोक्यावरून गोधडी ओढून निजतो. थोडा वेळ ऊब वाटते. मग जीव घुसमटतो. का? आपण जी हवा आत घेतो, ती ताजी असते. जी बाहेर सोडतो, ती वापरलेली असते. गोधडीच्या आत तीच वापरलेली हवा आपण पुन्हा पुन्हा ओढतो. शरीराला ते कळते. झोपेतसुद्धा आपला हात उठतो आणि आपण गोधडी फेकून देतो.

आता तान्ह्या बाळाचे पाहा. नुकत्या जन्मलेल्या बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या चौथ्या हिश्श्याइतके असते. डोके जड, आणि मान लुळी. मान धरायला त्याला तीन-चार महिने लागतात. असे बाळ मऊ गादीवर पालथे पडले, की त्याचे नाक आणि तोंड गादीत रुतते. तीच वापरलेली हवा ते ओढत राहते. त्याला मान वळवता येत नाही. गोधडी फेकता येत नाही. आणि हवा कमी पडली की जागे व्हायचे, ही जी शरीराची सवय आहे, तीही काही बाळांत अजून पक्की झालेली नसते. मग ते झोपेतून झोपेतच जाते. म्हणून आवाज येत नाही.

हा धोका वर्षभर असतो. पण पहिले सहा महिने सर्वांत जपायचे. त्यातही दुसऱ्या महिन्यापासून चौथ्या महिन्यापर्यंत जास्त. दिवस भरण्याआधी जन्मलेले किंवा कमी वजनाचे बाळ असेल, तर आणखी जपायचे.

शिकलेलेही चुकले होते

हे मी मनचे सांगत नाही. परदेशात हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

आपल्या आज्या-पणज्या बाळाला पाळण्यात उताणेच निजवत. पण १९५० नंतर युरोप-अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टर सांगू लागले, की बाळाला पालथे निजवा. त्यांना वाटले, उताणे बाळ ओकले तर दूध घशात अडकेल. त्यांचा हेतू चांगला होता. पण पुढे झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढत गेली. अशी बाळे गेली, की तिथेही लोक आईकडेच बोट दाखवत.

मग काही डॉक्टरांनी घरोघरची माहिती जमवली. बाळ कसे निजले होते, कशावर निजले होते, अंगावर काय होते, हे सारे लिहून काढले. त्यात दिसले, की पालथ्या निजणाऱ्या बाळांनाच धोका कितीतरी जास्त आहे. हॉलंड देशात १९८७ साली लोकांना सांगू लागले, की बाळाला पालथे निजवू नका.

इंग्लंडात अ‍ॅन डायमंड नावाच्या बाई दूरचित्रवाणीवर कार्यक्रम करीत. १९९१ साली त्यांचा चार महिन्यांचा मुलगा झोपेत गेला. बाई दुःख धरून घरात बसल्या नाहीत. न्यूझीलंड देशात ही नवी माहिती आईबापांना देणे सुरू झाले होते. बाई तिथे जाऊन पाहून आल्या. परत येऊन त्यांनी सरकारमागे लकडा लावला. त्या वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडात मोठी मोहीम निघाली. 'बाळाला उताणे निजवा' असे घरोघर सांगितले गेले. पुढच्या काही वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अमेरिकेत १९९४ साली तशीच मोहीम झाली. तिथेही मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

मंडळी, यात नवे औषध नव्हते, लस नव्हती, यंत्र नव्हते. पैसा लागला नाही. बाळाची कूस तेवढी बदलली.

आणि साल ध्यानात घ्या. हॉलंडात हे १९८७ साली सांगू लागले. आमची पोर १९८८ च्या जानेवारीत गेली. ती गोष्ट माझ्या कानी यायला २०१९ साल उजाडले. चांगली माहिती गावापर्यंत किती हळू चालत येते, ते पाहा. तुम्ही वाचायला शिकलात, ते तिची पावले लवकर पडावीत म्हणूनच.

तुमच्या शंका

आता तुमच्या मनात शंका येतील. त्या मलाही आल्या होत्या.

पहिली शंका: "उताणं बाळ ओकलं तर दूध श्वासात जाईल."

नर्सबाईंनी मला हे हाताने दाखवले. आपल्या गळ्यात दोन नळ्या असतात. एक श्वासाची, एक अन्नाची. बाळ उताणे असते, तेव्हा श्वासाची नळी वर आणि अन्नाची खाली असते. वर आलेले दूध खालच्या नळीपाशीच राहते आणि बाळ ते गिळते. पालथे असते, तेव्हा श्वासनळी खाली येते. म्हणजे आपल्याला वाटते त्याच्या उलट आहे. मात्र पाजल्यावर लगेच निजवू नका. खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवा. ढेकर निघाली की निजवा.

दुसरी शंका: "सदा उताणं ठेवलं तर डोकं चपटं होईल. म्हणून आम्ही मोहरीची उशी करतो."

मोहरीची उशी नको. खसखशीची नको. कापसाचीही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला कसलीच उशी लागत नाही. उशीने मान पुढे मुडपते. उशी फाटली तर दाणे नाकात जातात. डोके गोल राहण्यासाठी दुसरा उपाय आहे. बाळ जागे असताना आणि तुम्ही समोर असताना त्याला थोडा थोडा वेळ पालथे ठेवा. त्याने मानही बळकट होते. निजवताना त्याचे तोंड एक दिवस या बाजूला, एक दिवस त्या बाजूला करा. एवढे पाठ करा: जागेपणी पालथे, झोपेत उताणे.

तिसरी शंका: "बाळ आपणहून पालथं झालं तर?"

पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ उलटायला लागते. तुम्ही निजवताना उताणेच निजवा. दोन्ही बाजूंनी आपले आपण उलटता येऊ लागले, की मग रात्रभर त्याला सरळ करीत बसायला नको. पण अंथरुणात मऊ काही ठेवू नका.

चौथी शंका थंडीची. ती मोठी आहे. थंडीपासून बाळाला जपलेच पाहिजे. नवजात बाळ लवकर गार पडते. पण ऊब अंगाला द्या, तोंडावर नको. आपल्याला जेवढे कपडे लागतात, त्याहून एक कपडा बाळाला जास्त घाला. दुपटे काखेपर्यंतच ओढा. हात बाहेर ठेवा. दुपट्याच्या कडा अंथरुणाखाली खोचा, म्हणजे ते वर सरकणार नाही. मोठ्यांची गोधडी, घोंगडी, रग बाळावर घालू नका. पहिल्या दिवसांत आशाताई किंवा नर्सबाई टोपडे घाला म्हणाल्या, तर घाला. पण ते डोळ्यांवर घसरेल इतके सैल नसावे. नाडीची कुंची बाहेर नेताना घाला आणि निजवताना काढा.

फार गुंडाळणेही वाईट. बाळ तापते, घामाघूम होते. त्यानेही धोका वाढतो. बाळाच्या मानेमागे आणि पोटाला हात लावून पाहा. मान घामेजली असेल, तर एक कपडा कमी करा. पोट गार लागले, तर बाळाला उघड्या छातीशी धरा, वरून पांघरा, आणि नर्सबाईंना दाखवा.

अंथरूण कसे असावे?

बाळाचे अंथरूण सपाट आणि कडक असावे. ते कसे ओळखायचे? तळहाताने दाबा. हात उचलल्यावर खड्डा राहिला, तर ते बाळाच्या कामाचे नाही. सतरंजीवर जुन्या धोतराची किंवा सुती साडीची घट्ट घडी घाला, झाले. मेणकापड घालायचे तर घडीच्या खाली घाला आणि कडा नीट खोचा. प्लॅस्टिकची सुटी पिशवी किंवा कागद बाळाजवळ ठेवू नका. तो नाकाला चिकटतो.

अंथरुणात फक्त बाळ असावे. उशी, लोड, मऊ बाहुली, कपड्यांची चळत, काही नको. बाळ पडेल म्हणून दोन्ही बाजूंनी उशा लावतात. तेही नको. त्यापेक्षा बाळाचे अंथरूण जमिनीवरच घाला. जमिनीवरून कोणी पडत नाही.

गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी निजवताना काढा. दोरा खिळ्यात, दांडीत अडकतो आणि फास बसतो. तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. ताईत बाळाच्या गळ्यात असण्यापेक्षा देवापाशी ठेवा.

आई आणि बाळ

बाळ आईच्या खोलीत, आईच्या हाताच्या अंतरावर असावे. पण त्याचे अंथरूण वेगळे असावे. पहिले सहा महिने तरी असेच करा. आईजवळ असले, की अंगावर पाजणे सोपे जाते. आणि अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाला हा धोका कमी असतो, असे आढळले आहे.

आता मी गावात राहतो. मला ठाऊक आहे, की घर एका खोलीचे असते आणि माणसे सात असतात. निजून पाजता पाजता आईचा डोळा लागतो. त्यात पाप नाही. पण तसे होणारच असेल, तर आधीच जपा. आईची उशी आणि पांघरूण बाळापासून दूर ठेवा. बाळाला दोघांच्या मध्ये घेऊ नका. दुसऱ्या लहान मुलाला त्याच्याशेजारी निजवू नका. जाग आली की बाळाला त्याच्या अंथरुणावर ठेवा. बाळाला पोटावर घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर झोपू नका. तिथे बाळ फटीत सरकते.

आणि पुरुष मंडळी, हे तुमच्यासाठी. ज्याने दारू घेतली असेल, त्याने त्या रात्री बाळाजवळ निजायचे नाही. नशेत हात कुठे पडला ते कळत नाही. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यानेही तेच पाळावे.

धूर

बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवतात. शेक दिल्यावर ती तशीच धुमसत राहते. मंडळी, कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो साठला, तर बाळ आणि बाळंतीण दोघेही झोपेत दगावतात. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवा आणि शेक झाला की शेगडी बाहेर काढा. शेगडी खोलीत ठेवून कधीही झोपू नका.

विडी-सिगारेटचा धूर बाळाचा वैरी आहे. घरात कोणी ओढत असेल, तर बाळाला धोका वाढतो. विडी ओढायचीच असेल, तर घराबाहेर. सोडली तर फारच उत्तम. पोटुशीने मिश्रीही लावू नये. त्याने बाळ कमी वजनाचे जन्मते. डासांसाठी धुराची वडी जाळू नका. मच्छरदाणी लावा.

पाळणा आणि झोळी

पाळणा चांगला. पण त्याच्या दोन गजांमध्ये तीन बोटांहून अधिक फट नसावी. मोठी फट असेल तर बाळाचे अंग त्यातून निसटते आणि डोके अडकते. तळ सपाट असावा. कड्या, दोर, आढ्याचा आकडा आठवड्याला हलवून पाहा. वर टांगलेले रंगीत राघू-मैना बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतके उंच असावेत. पाळण्याची दोरी बाळापाशी लोंबता कामा नये. बाळ बसायला लागले, की पाळणा बंद.

झोळीचे बोलतो. ऊसतोडीला, खुरपणीला जाणाऱ्या बाया झाडाला साडीची झोळी बांधतात. खाली मुंग्या, विंचू, कुत्री. त्या तरी काय करतील? पण झोळीत बाळ धनुष्यासारखे वाकते. हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट चेपते. म्हणून सांगतो. झोळीला वर आडवी काठी लावा, म्हणजे ती पसरट राहील आणि कापड तोंडावर मिटणार नाही. बाळाची हनुवटी छातीपासून सुटी असावी. तोंड बाहेरून दिसावे. पाळीपाळीने एका बाईने जवळ बसावे. मोठ्या मुलांना झोळी फिरवू देऊ नका. तिचा पीळ गळ्याला बसतो. घरी आलात, की रात्रीच्या झोपेला झोळी नको. अंथरूण सपाटच हवे.

बाजारातल्या वस्तू

आता गावातसुद्धा बाळाच्या वस्तू घरपोच येतात. खोक्यावर गोंडस बाळाचे चित्र असते. आपल्याला वाटते, एवढ्या मोठ्या कंपनीची वस्तू, वाईट कशी असेल?

एक खरी गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या एका नामांकित खेळणी कंपनीने २००९ साली बाळाला निजवायची एक कलती, झुलती खुर्ची काढली. लाखो घरांत ती गेली. पण कलत्या जागी बाळाची मान पुढे पडते किंवा बाळ उलटून कापडात तोंड खुपसते. तीसहून अधिक बाळे त्यात दगावल्याचे पुढे आले. तेव्हा २०१९ साली कंपनीला सुमारे ४७ लाख खुर्च्या परत मागवाव्या लागल्या. २०२२ साली त्या देशाने कायदाच केला. निजवायच्या कलत्या खुर्च्या आणि पाळण्याच्या आत लावायच्या मऊ गाद्यांच्या पट्ट्या यांवर बंदी घातली. म्हणजे मोठे नाव आणि मोठी किंमत पाहून भुलायचे नाही.

आपल्याकडे टोपलीसारखी मच्छरदाणी मिळते. तिच्यात मऊ गादी आणि उशी असते. मच्छरदाणी वापरा. उशी काढून टाका. गादी हाताने दाबून पाहा. खड्डा राहिला, तर तीही काढा आणि आपली घडी घाला. जाळी फाटली असेल तर शिवून घ्या.

खेळण्यांवर आयएसआयची खूण असणे आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. ती खूण पाहून खेळणे घ्या. पण खूण असली तरी मऊ खेळणे झोपेच्या अंथरुणात नको. चपट्या गोल सेलची खेळणी तान्ह्यापासून आणि रांगत्या मुलापासून दूर ठेवा. तो सेल गिळला, तर दोन तासांत अन्ननळी भाजते. तसे झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि बसून चालवायचा वॉकर घेऊ नका. त्यात मूल भरकन पायरीशी, चुलीशी जाते. कॅनडा देशात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. तोही सपाट अंगणात आणि मोठ्या माणसाच्या नजरेखाली.

वस्तू घेताना खोक्यावरचे वाचा. आता तुम्हाला वाचता येते. इंग्रजीत असेल, तर शाळेतल्या पोराला वाचायला सांगा. दुकानदाराने "घ्या हो, सगळेच नेतात" म्हटले, म्हणून घेऊ नका.

आशाताईला विचारा

दवाखान्यात बाळंतपण झाले, की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिला नुसता चहा पाजून परत पाठवू नका. तिला बाळाचे अंथरूण दाखवा. पाळणा दाखवा. शेगडी कुठे ठेवता ते सांगा.

बाळ पीत नसेल, मलूल असेल, भरभर श्वास घेत असेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. १०८ वर फोन करून गाडी बोलवा. बाळ निपचित दिसले, तर नाक-तोंड मोकळे करा, पाठ आणि तळवे चोळा, एकाने लगेच १०८ ला फोन लावा. गाडीतली माणसे सांगतील तसे करा.

शेवटचे सांगणे

हे सगळे पाळले, तर धोका पुष्कळ कमी होतो. पण सगळे पाळूनही क्वचित एखादे बाळ जाते. त्याचे पुरते कारण अजून मोठ्या डॉक्टरांनाही सापडलेले नाही. अशा घरी गेलात, तर एक करा. आईला विचारू नका, "तुला कळलं कसं नाही?" तो प्रश्न मी एकदा विचारला. एका बाईने तो ३१ वर्षे उरात वागवला. तुम्ही तिच्याजवळ नुसते बसा. चूल पेटवा. तिला दोन घास खाऊ घाला. घरातल्या दुसऱ्या लेकरांना आपल्या घरी न्या.

आणि बाळ जपणे हे एकट्या आईचे काम नव्हे. अंथरूण आजीने घालावे. शेगडी बापाने बाहेर काढावी. उशी आणायची हौस आजोबाने आवरावी.

आता पाट्या काढा. मी फळ्यावर लिहितो, तुम्ही उतरून घ्या. घरी जाऊन हेच कागदावर लिहा आणि पाळण्याजवळच्या भिंतीला चिकटवा.

बाळाला उताणे निजवा.
अंथरूण सपाट आणि कडक घाला.
उशी नको. तोंडावर पांघरूण नको.
गळ्यात दोरा नको.
खोलीत धूर नको. शेगडी बाहेर ठेवा.
बाळ आईजवळ, पण वेगळ्या अंथरुणावर.
जागेपणी पालथे, झोपेत उताणे.

लिहिले? अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. मात्रा चुकली तरी मी आज लाल रेघ मारणार नाही. ज्यांच्या घरी तान्हे नसेल, त्यांनी शेजारी ज्यांच्याकडे असेल त्यांना वाचून दाखवा.

माझी भावजय आज मागे बसली आहे. तिनेही पाटी घेतली आहे. तिचे लिहून होईपर्यंत थांबू, आणि मग घरी जाऊ.

प्रश्न

१. बाळाला पालथे निजवले तर काय धोका असतो?
२. अंथरूण कडक आहे की मऊ, हे कसे ओळखाल?
३. बंद खोलीत शेगडी का ठेवू नये?
४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या पाळण्यातील गजांची फट मोजा. किती बोटे भरली?
५. गुरुजींनी भावजयीची क्षमा का मागितली?